शेवटचा धोबी कधी गेला? (एप्रिल-मेमधलं परतीचं स्थलांतर)

माळावरची | २० एप्रिल २०२५, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी.

गेली तीन वर्षं मी घराजवळच्या पाझर तलावावर रोज सकाळी जाते. सोलापूर जिल्ह्यातला साधा तलाव आहे, बांधावरून या टोकाचं त्या टोकाला जायला वीस मिनिटं लागतात. वहीत तारीख, वेळ आणि दिसलेले पक्षी लिहिते. काल वही चाळताना एक गोष्ट खटकली. हिवाळ्यात येणारा धोबी पक्षी पहिल्यांदा दिसला त्या तिन्ही वर्षांच्या तारखा ठळक आहेत, दोन ठिकाणी तर शेजारी चांदणी काढलीय. तो गेला कधी, याची एकाही वर्षाची नोंद नाही. मार्चमध्ये "धोबी ६", पुढे "धोबी ४", आणि मग त्याचं नावच नाही. धोबी यायचा थांबला की मी लिहायची थांबले, तेही वहीवरून सांगता येत नाही.

थिरथिऱ्याचंही तेच. पंपाच्या खोलीवर बसून शेपूट थरथरवणारा नर होता, सगळा हिवाळा तीच जागा. एक दिवस खोली रिकामी दिसली. पण तो दिवस कोणता?

यंदा मे संपेपर्यंत रोज जायचं ठरवलंय. परतीची नोंद तुम्ही कशी ठेवता? शेवटची तारीख कशी ठरवायची? आणि तुमच्या भागात आत्ता कोण कोण उरलंय?

माझी आजची यादी: भिवई बदक ११, थापट्या ३, पिवळा धोबी १४, तुतवार २, माळभिंगरी तारेवर चाळीसेक. पांढरा धोबी एकही नाही, थिरथिरा नाही.

---

काठोकाठ | २० एप्रिल, सकाळी १०:०५

छान विषय काढलात. पहिली तारीख एका नजरेत ठरते, शेवटची ठरायला मात्र पुढचे आठ-दहा दिवस जावे लागतात. म्हणून एकच नियम: शून्य लिहायचं. पक्षी दिसला नाही तर त्याच्या नावापुढे ० मांडायचा. रिकाम्या जागेचे दोन अर्थ निघतात, "नव्हता" किंवा "मी पाहिलंच नाही". शून्याचा एकच निघतो.

दुसरं, वेळ आणि वाट बदलू नका. आज साडेसहाला, उद्या साडेनऊला गेलात तर आकडे तुलनेला उभे राहत नाहीत. उन्हाळ्यात नऊनंतर अर्धे पक्षी सावलीला गेलेले असतात.

मी उजनीच्या बाजूला असतो. इथं पाणी उतरतंय तसतसा गाळ उघडा पडतोय. काल कुरव (गल पक्षी) बघत होतो. डिसेंबरात त्यांच्या डोळ्यामागे नुसता काळा डाग असतो, आता तपकिरी डोक्याच्या कुरवांची डोकी पूर्ण रंगली आहेत. डोळ्याचं फिकट बुबुळ त्या गडद डोक्यात इतकं उठून दिसतं की लांबूनही जात ओळखता येते. टोपी चढली की निघायचे दिवस जवळ आले, असं मी मानतो.

---

तिन्हीसांज | २० एप्रिल, दुपारी १२:४०

धागा आवडला. मी निवृत्त शिक्षक, पक्ष्यांतलं फार कळत नाही. आमच्याकडे ८ एप्रिलपासून पावशा ओरडतोय, "पेरते व्हा, पेरते व्हा". दर वर्षी त्याच सुमाराला येतो. हाही स्थलांतर करूनच येतो ना? आणि कोकिळ?

---

बांधावरून | २० एप्रिल, दुपारी ४:१८

भोरड्या अजून आहेत. आमच्या विहिरीवरच्या पिंपळावर फळं पिकलीत, सकाळी दोनेकशे तरी उतरतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. माझे आजोबा ज्वारीत माळ्यावर बसून गोफणीनं भोरड्या हाकायचे. त्यांच्या लेखी भोरडी म्हणजे चोर. मला आता त्या गेल्यावर शेत ओकंबोकं वाटतं.

आत्ताचा नर जवळून बघा एकदा. हिवाळ्यात मळकट दिसणारा पक्षी, एप्रिलमध्ये पाठ-पोट स्वच्छ गुलाबी, डोकं काळं तकतकीत, वाऱ्यानं शेंडी मागं उडते. चोचसुद्धा गुलाबी होते.

---

पूर्ववारा | २० एप्रिल, रात्री ८:३१

@तिन्हीसांज सर, पावशा आणि कोकिळ दोन्ही आपल्याकडे वर्षभर असतात. हिवाळ्यात ते गप्प असतात, म्हणून नजरेत येत नाहीत. विणीचा काळ आला की नर ओरडायला लागतो आणि आपल्याला वाटतं आला. पावशा थोडाफार इकडून तिकडे सरकतो, पण मध्य आशियात वगैरे जात नाही. कानांनी केलेल्या नोंदीत ही फसगत नेहमी होते. तुमची ८ एप्रिल ही "पहिली हाक" म्हणून जपून ठेवा, तीही तितकीच मोलाची आहे.

खरा पाहुणा चातक. आपल्या भागात पावसाळ्याच्या तोंडाशी दिसणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात. दक्षिण भारतात मात्र त्याच जातीचे वर्षभर राहणारेही आहेत, त्यामुळे खाली दक्षिणेत त्याच्या पहिल्या तारखेला तेवढा अर्थ उरत नाही. २००७ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू केला होता, त्यात लोकांनी चातकाच्या पहिल्या तारखा देशभरातून कळवल्या होत्या. पुढं त्या सगळ्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर गेल्या.

@बांधावरून, भोरडीबद्दल एक सांगतो. ती जुलै-ऑगस्टमध्येच परत येते आणि एप्रिलअखेर जाते. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने ती आपल्याकडे असते, पिलं काढायला तेवढी मध्य आशिया आणि पूर्व युरोपच्या गवताळ मैदानांत जाते. तिकडे टोळ-नाकतोड्यांवर तिची पिलं वाढतात. पाहुणी कोण म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

---

बांधावरून | २० एप्रिल, रात्री ९:०२

आठ महिने माहेरी आणि चार महिने सासरी! आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग चोर कशाला म्हणायचं, घरचीच आहे की.

---

सांजपाखरू | २१ एप्रिल, सकाळी ७:५०

मला एक मनापासून विचारायचंय. एवढा हिशेब कशासाठी? मी वीस वर्षं पक्षी बघतोय, एक तारीख लिहिली नाही. बांधावर बसायचं, जे येईल ते बघायचं. वही काढली की डोळे वहीत जातात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. टेलिफोटो लेन्स घेऊन धावणाऱ्यांचं तर बोलायलाच नको.

---

माळावरची | २१ एप्रिल, सकाळी ११:२०

@सांजपाखरू दादा, तुमचं म्हणणं पटतं, पण माझा अनुभव उलटा आहे. शून्य लिहायचं म्हटल्यावर आज मी धोब्यासाठी थांबले. बांधाखालच्या ओल्या पट्ट्यात पंधरा मिनिटं बसले. एरवी "पिवळे धोबी आहेत" म्हणून पुढे गेले असते. बसल्यामुळे दिसलं की चौदा धोबी चौदा प्रकारचे आहेत! एकाचं डोकं निळसर राखाडी आणि डोळ्यावर पांढरी भुवई, दुसऱ्याला भुवईच नाही, एकाचं डोकं पूर्ण काळं आणि खाली पिवळाधमक. फेब्रुवारीत हे सगळे एकसारखे मातकट होते. जाती वेगळ्या आहेत का?

---

काठोकाठ | २१ एप्रिल, दुपारी १:१५

जात एकच, उपजाती वेगळ्या. प्रत्येकीचा विणीचा प्रदेश निराळा. हिवाळ्यात आपल्या गाळात सगळ्या एकत्र चरतात, आणि आता नरांनी आपापल्या प्रदेशाची डोकी चढवली आहेत. भुवईवाला एकीकडे जाणार, काळ्या डोक्याचा भलतीकडे. नीट बघा, त्यात एखादा लिंबासारख्या पिवळ्या डोक्याचा आणि मानेमागे काळी पट्टी असलेला असेल तर ती मात्र वेगळी जात, पिवळ्या डोक्याचा धोबी.

ही ओळख फक्त या तीन-चार आठवड्यांतच इतकी सोपी असते. डोकी मोजा. कुठलं डोकं आधी गेलं तेही लिहा.

---

दुपारचाचहा | २१ एप्रिल, दुपारी ३:३०

नवीन सदस्य. दुर्बीण कुठली घ्यावी?

---

काठोकाठ | २१ एप्रिल, दुपारी ४:०२

८ गुणिले ४२ (आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची). दहा पटीची घेऊ नका, हात हलला की चित्र हलतं. दुर्बिणींवर इथंच जुना मोठा धागा आहे, तो वाचा आणि मग या तलावावर परत या :)

---

खाडीकिनारा | २३ एप्रिल, रात्री १०:४७

ठाण्याच्या खाडीवरून हजेरी. इथं रोहित (फ्लेमिंगो) अजून भरपूर आहेत. छोटे रोहित जास्त, मोठे कमी. ही खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत गेली. तरी काठावर उभं राहिलं की एका बाजूला पूल, दुसऱ्या बाजूला विजेचे मनोरे, आणि मध्ये हा गुलाबी पट्टा.

रोहितांपेक्षा मला या दिवसांत लहान चिखलपक्ष्यांचं वेड लागतं. कर्ल्यू सँडपायपर हिवाळाभर राखाडी असतो. एप्रिलच्या मध्यापासून पोटावर विटकरी ठिपके उमटायला लागतात, आधी ठिगळ लावल्यासारखे, मग महिनाअखेर अख्खा पक्षी भाजलेल्या विटेच्या रंगाचा. हा पक्षी सैबेरियाच्या पार उत्तरेला, आर्क्टिकच्या काठावर अंडी घालतो. वजन जेमतेम मूठभर शेंगदाण्यांएवढं. भरती चढताना शंभर-दीडशे एका चिंचोळ्या गाळावर दाटीनं उभे राहतात, आणि त्या थव्यात राखाडी किती आणि विटकरी किती हे मोजलं की कोण निघणार आणि कोण थांबणार याचा अंदाज येतो.

---

माळावरची | २४ एप्रिल, सकाळी ८:३५

थांबणार म्हणजे? सगळे जात नाहीत का?

---

पूर्ववारा | २४ एप्रिल, सकाळी ९:४०

सगळे नाही. अनेक चिखलपक्ष्यांत पहिल्या वर्षाची पोरं वीण करत नाहीत. मग तेवढा लांबचा प्रवास कशाला? ती इथंच उन्हाळा काढतात. रंगही चढत नाही, जूनमध्येसुद्धा राखाडीच. म्हणून मे-जूनमध्ये एखादा एकटा राखाडी पक्षी दिसला की "जखमी असेल", "थवा चुकला असेल" असं समजू नका. रोहितांच्या करड्या पिलांचंही असंच, त्यांतली काही पावसाळाभर खाडीत दिसतात.

जाणाऱ्यांना निघायचं कसं कळतं, हेही इथंच लिहितो. मुख्य खूण दिवसाची लांबी. आपल्याकडे डिसेंबरात दिवस साधारण ११ तासांचा, जूनमध्ये सव्वातेराचा. हा फरक पक्ष्याला डोळ्यांखेरीज मेंदूतल्या पेशींनीही कळतो, कवटीतून आत झिरपणारा उजेड त्या टिपतात. मग भूक वाढते, चरबी साठते, पिंजऱ्यातला पक्षीसुद्धा रात्री अस्वस्थ होतो. नेमका दिवस मात्र वारा आणि आभाळ ठरवतात. त्यामुळे दर वर्षी चार-सहा दिवसांचा फरक पडणारच.

मी एकदा पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याच्या शिबिरात मदतनीस होतो. एप्रिलमध्ये पकडलेल्या वटवट्याच्या गळ्यावर हलकी फुंकर मारली की पिसं बाजूला होतात आणि गळ्याच्या हाडांमधला खळगा दिसतो. फेब्रुवारीत तो रिकामा असतो. त्या दिवशी तो पिवळसर चरबीनं काठोकाठ भरलेला होता. (सदस्य काठोकाठ यांनी गैरसमज करून घेऊ नये.) इवलासा पक्षी, हातात धरला तर बोटांना फक्त त्याच्या काळजाची धडधड लागते. आणि इंधन भरून तयार.

---

काठोकाठ | २४ एप्रिल, सकाळी १०:१०

नाही केला :) माझंही मे महिन्यात आंबे खाऊन तसंच होतं.

---

डहाळी | ९ मे, सकाळी ७:०५

तातडीनं मदत हवीय! पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पक्षी बसलाय. हिरवी पाठ, पोट बदामी, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावर काळा पट्टा, शेपूट अगदी आखूड. उडत नाही. मांजरं फिरतायत. पाणी पाजू का?

---

पूर्ववारा | ९ मे, सकाळी ७:११

नवरंग! चोचीत पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. काही खायलाही घालू नका. बुटाचं खोकं घ्या, झाकणाला भोकं पाडा, तळाला जुनं सुती कापड. अलगद कापडानं झाकून उचला, आत ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. मुलांना बघायला बोलावू नका, फोटोही नकोत. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथं कळवा. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याला तो घरी ठेवून घेता येत नाही.

---

खाडीकिनारा | ९ मे, सकाळी ७:२०

पायात ॲल्युमिनियमची कडी आहे का तेवढं बघा. असली तर क्रमांक लिहून घ्या, कडी काढू नका. त्यावर "इन्फॉर्म बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी" असं कोरलेलं असतं.

---

डहाळी | ९ मे, रात्री ९:१५

कडी नव्हती. सगळं सांगतेच.

खोक्यात ठेवला. दोन तास काहीच आवाज नाही, मी घाबरले. साडेनऊला आतून टकटक सुरू झाली. वन विभागाच्या माणसांशी बोलणं झालं, एक कार्यकर्ता आला, त्यानं पंख तपासले, मोडलेलं काही नव्हतं, दमला होता फक्त. संध्याकाळपर्यंत ठेवून जवळच्या टेकडीवर न्यायचं ठरलं, मीही गेले. सहाच्या सुमाराला झाडीत खोकं जमिनीवर ठेवून झाकण उघडलं. तो लगेच उडाला नाही. काठावर येऊन उभा राहिला, शेपूट वरखाली केली, मग टुणटुण उड्या मारत पाचोळ्यात गेला. पाचोळा उलटताना त्याचा आवाज येत होता. काही वेळानं करवंदीच्या जाळीतून दोन सुरांची शिट्टी ऐकू आली. तोच होता की दुसरा, माहीत नाही. मला रडू आलं.

मी आजवर पक्षी बघितले नव्हते. हा इथं आला कुठून?

---

पूर्ववारा | ९ मे, रात्री ९:५०

फार छान केलंत, ताई. नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. मे महिन्यात आपल्याकडे, कोकणात, मध्य भारतात आणि त्याच्याही वर पिलं काढायला येतो. प्रवास रात्री करतो. शहरातला झगमगाट, काचेच्या भिंती आणि थकवा, या तिन्हींमुळे दर मे महिन्यात पार्किंगमध्ये, गच्चीत, एकदा तर जिन्यात असे नवरंग सापडतात.

इतर सगळे वर जात असताना हा विणीसाठी आपल्याकडे येणारा. @माळावरची, परतीच्या यादीशेजारी येणाऱ्यांचीही एक यादी ठेवा.

---

खाडीकिनारा | १० मे, सकाळी ६:४०

उजेडाचा विषय निघाला म्हणून. गेल्या वर्षी मे महिन्यात घाटकोपरला उतरत्या विमानाची धडक बसून सुमारे ४० रोहित मेले, रात्रीची वेळ होती. मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो होतो. गुलाबी पिसं रस्त्याच्या कडेला. त्यानंतर मे महिन्यात रात्री थव्याचा आवाज आला की झोप उडते. आमच्या इमारतीच्या गच्चीवरचे प्रखर दिवे एप्रिल-मेमध्ये रात्री दहानंतर बंद ठेवायचं गेल्या महिन्यात सभेत मंजूर करून घेतलं. एका इमारतीनं फार फरक पडत नसेल, पण शेजारच्या दोन इमारतींनी विचारणा केलीय.

आज मेमधला दुसरा शनिवार, जागतिक स्थलांतरित पक्षी दिन. खाडीवर जातोय.

---

रानगवत | १४ मे, दुपारी २:२२

विदर्भातून राम राम. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर होतो. सगळे वाघाची वाट बघत होते, मी चंद्राची. कोणीतरी सांगितलं होतं की पुनवेच्या चंद्रावर दुर्बीण रोखून धरली की स्थलांतर करणारे पक्षी चंद्रासमोरून जाताना दिसतात. दहा ते बारा, दोन तास मान आखडेपर्यंत बघितलं जी. तीन दिसले! तिन्ही इवलेसे काळे ठिपके, पंख हलताना कळले, डोळ्याची पापणी लवेपर्यंत पार. दोन उत्तरेकडे, एक कुठं ते समजलंच नाही. कोणते होते विचारू नका.

पहाटे पावणेपाचला नवरंग बोलला. बारा तासांत वाघ आला नाही, अस्वल येऊन गेलं. माझी रात्र वसूल झाली.

---

सांजपाखरू | १४ मे, रात्री ८:०५

@रानगवत भाऊ, तुमचे ते तीन ठिपके वाचून अंगावर काटा आला. मी कालपासून वही केली. एकच पान झालंय.

---

तिन्हीसांज | १५ मे, सकाळी १०:३०

माझ्या नातीनं पावशाच्या हाकांचा तक्ता भिंतीवर लावलाय. ती सकाळी सहा ते सव्वासहा हाका मोजते. ८ मेपर्यंत वाढत गेल्या, अवकाळी पाऊस झाला त्या सकाळी फक्त चार. तिनं तिथं ढग काढलाय.

---

माळावरची | १६ मे, सकाळी ११:००

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. माझा हिशेब मांडते.

पिवळा धोबी: २० एप्रिल १४, २४ एप्रिल ११, २८ एप्रिल ९, १ मे ३, ४ मे १, ५ मे ०, ६ मे ०, ७ मे १, त्यानंतर आजपर्यंत रोज ०.

काळ्या डोक्याचे सगळ्यात आधी गेले, २६ एप्रिलनंतर एकही नाही. प्रश्न ७ मेच्या धोब्याचा आहे. दोन शून्यांनंतर आलेला. गेलेला परत फिरला? ५ तारखेच्या पावसात कुठं दडून बसला होता? की दुसराच?

तो मातकट होता, डोक्यावर भुवई अर्धवट. ४ मेचा नर पूर्ण रंगलेला होता. ७ मेचा हा बांधाच्या दगडावर बसून भिजलेली पिसं साफ करत होता, प्रत्येक पीस चोचीतून ओढून. माझ्यापासून पाच पावलांवर. त्याला माझी भीती वाटत नव्हती की तो दमला होता?

---

काठोकाठ | १६ मे, दुपारी १२:१५

रंगावरून दुसराच. दक्षिणेत हिवाळा काढलेला, बहुधा मादी किंवा पहिल्या वर्षाचा, तुमच्या तलावावर एका मुक्कामापुरता थांबलेला. मोलाची नोंद आहे ही. तुमचा तलाव फक्त हिवाळ्याचं घर नाही, वाटेवरचा थांबाही आहे, हे त्या एका १ वरून कळलं. शून्यं लिहिली नसती तर तो आधीच्याच चौदांत जमा झाला असता.

तुमच्या तलावाची शेवटची तारीख ७ मे लिहा. तुमच्या हिवाळी धोब्यांची ४ मे. दोन वेगळ्या ओळी.

---

बांधावरून | १६ मे, रात्री ९:३०

मीही शून्यं लिहिली. भोरड्या २७ एप्रिलला शेवटच्या. त्या संध्याकाळी पिंपळावर उतरल्याच नाहीत, दोन वेळा डोक्यावरून गोल फिरल्या आणि वर वर चढत गेल्या. आई अंगणात होती. तिनं हात वर केला.

---

काठोकाठ | २८ मे, सकाळी ७:४५

मन लागत नाही म्हणून लिहितो. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळतोय, २६ तारखेला मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. इकडे उजनीचं पाणी भराभर चढलं. दर वर्षी उघड्या पडलेल्या बेटांवर आणि गाळावर नदी सुरय आणि छोटी आर्ली अंडी घालतात. रेतीत नुसता खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी. त्यांचा हिशेब जूनच्या पावसाचा असतो. मी १८ मेला दुर्बिणीतून एका बेटावर एकोणीस घरटी मोजली होती, होडीतून, लांबूनच. परवा गेलो तर बेट नव्हतं. सुरय पाण्यावर त्याच जागी फिरत होते. एकजण चोचीत मासा घेऊन, खाली बघत.

रोहितही हलले. रोहितांना दुसरीकडे जाता येतं.

एक विनंती, पाणी उतरलेल्या तलावांवर मे महिन्यात कुणी गाळातून चालत जाऊ नका, गाड्या तर मुळीच घालू नका. फोटोसाठी आलेल्या गाड्यांच्या टायरचे ठसे घरट्यापासून हातभर अंतरावर पाहिलेत मी.

---

डहाळी | २८ मे, सकाळी ८:३०

वाचून वाईट वाटलं, काका. ते पुन्हा अंडी घालतात का?

---

काठोकाठ | २८ मे, सकाळी ९:०५

पहिली वीण गेली तर पुन्हा प्रयत्न करतात, जागा मिळाली तर. मी रविवारी वरच्या अंगाच्या एका उंचवट्याकडे बघून येतो.

---

खाडीकिनारा | ३० मे, रात्री १०:२०

पाऊस लवकर आला म्हणून चातकही लवकर येईल का, यावर काल आमच्या गटात जोरदार वाद झाला. एकाचं म्हणणं, तो पावसाबरोबर येतो म्हणजे यंदा आधी यायलाच हवा. माझं म्हणणं, आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला मुंबईतला पाऊस कसा कळणार?

---

पूर्ववारा | ३१ मे, सकाळी ८:००

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. निघायची तयारी दिवसाच्या लांबीवर. पण समुद्र ओलांडायला तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याची मदत घेतो, आणि आपला पाऊस आणणारा वारा तोच. म्हणून दोघं साधारण एका वेळी पोहोचतात. वारा लवकर सुरू झाला तर काही चातक लवकर येऊ शकतात, पण एका वर्षावरून काही ठरत नाही. गावोगावच्या तारखा हव्यात. आला नाही तोवर रोज ० लिहा.

---

माळावरची | ८ जून, सकाळी ८:१०

भिवई बदकांचं राहिलं होतं. शेवटची दोन १३ मेला. माळभिंगरी ३० एप्रिल. तुतवार एक अजून आहे, राखाडी, पहिल्या वर्षाचा असावा, ठेवते लक्ष.

२ जूनला बांधावर काळा-पांढरा धोबी दिसला आणि मी उडालेच. नीट पाहिलं तर डोकं काळं, डोळ्यावर लांब पांढरी भुवई, पांढऱ्या धोब्याहून थोराड. मोठा धोबी, इथलाच. सांडव्याच्या दगडात घरटं आहे, दोन पिलं मागे मागे धावतात.

काल १ ते ७ जूनच्या रकान्यात चातकापुढे सातवं शून्य मांडलं. आज आभाळ भरलेलं होतं. बाभळीच्या शेंड्यावर काळा-पांढरा, शेंडीवाला, लांब शेपटीचा. "पिऊ... पिऊ-पिऊ" करत तिथून उडाला तेव्हा पंखावरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसला. चातक १.

---

काठोकाठ | ८ जून, सकाळी ८:२५

अभिनंदन! किती वाजता? वारा कुठला होता?

वरच्या उंचवट्यावर सुरयांची सहा घरटी आहेत.

---

माळावरची | ८ जून, सकाळी ८:३१

६:४०. वारा पश्चिमेचा, जोराचा. लिहिलं.

सहा! तेही लिहिते, शेवटच्या पानावर.